मैदान आणि मृतांची यादी

क्रीडांगणावर मृतांचे स्मरण करावे की करू नये, हा प्रश्न ज्या दिवशी एखादा संघ दंडाला काळी फीत बांधून उतरतो त्या दिवशी सर्वांनाच सोपा वाटतो, आणि फीत सुटली की कोणाच्या ध्यानातही राहत नाही. म्हणून त्याचा ऊहापोह करावयाचाच तर तो कोठे काही घडलेले नाही अशा एखाद्या सामान्य दिवशी करावा, असे माझे मत आहे. देवळ्यात 2025 च्या नोव्हेंबरात तसा एक दिवस आला. सप्टेंबरच्या 14 तारखेस दुबईत पाकिस्तानवर सात गडी राखून विजय मिळविल्यावर भारताचा कर्णधार सूर्यकुमार यादव याने पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबीयांविषयी सहवेदना व्यक्त केली व तो विजय सैन्यदलांस अर्पण केला. त्या प्रकरणी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याच्या मानधनाचा 30 टक्के भाग दंड म्हणून बसविल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले होते. ती बातमी वाचून, महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले आमचे भाऊसाहेब आपल्या कांद्याच्या चाळीपाशी, निवड चालू असताना, जे बोलू लागले ते ऐकावयास मी होतो, आणि ज्यांना गाव नुसते ‘सर’ म्हणते ते शाळेचे क्रीडाशिक्षकही होते.

चाळीतला उन्हाळ कांदा अखेरीस आला होता. तळाचा थर काजळीने काळवंडलेला, वरच्याला कोंब फुटलेले, आणि निवडणाऱ्या बायांची मजुरी तरी निघेल की नाही याची घरात चर्चा. भाऊसाहेब एकेक कांदा हाती घेऊन अंगठ्याने दाबून पाहत व बोलत.

“रकमेचे मला काही नाही, ती तो भरील,” ते म्हणाले. “पण त्या हुकमाखाली कारण काय लिहिले असेल? मेलेल्यांची आठवण काढली, हे? उभी हयात मी हुकमाचे मसुदे करण्यात घालविली, सर. असले कारण कागदावर उतरविताना माझी लेखणी अडली असती.”

“कारण ते नसावे, भाऊसाहेब. मैदान दोघांचे असते, एवढेच कारण,” सर म्हणाले. त्यांच्या हाताला, मुलांसाठी धावपट्टी आखून आल्यामुळे, फक्की लागलेली होती. “2014 साली मोईन अलीने गाझाविषयीचे मनगटपट्टे बांधले, ते ह्याच परिषदेने काढावयास लावले. 2023 साली उस्मान ख्वाजाच्या बुटांवरचा मजकूर चालला नाही, आणि मग त्याने नुसती काळी फीत बांधली तर तिच्याबद्दलही त्याला ताकीद मिळाली. त्या वेळी आपण कोणी हळहळलो नाही. आता आपल्या माणसावर पाळी आल्यावर नियम वाईट कसा झाला?”

“नियम असता तर मी तोंड उघडले नसते. 2019 च्या मार्चात रांचीला, पुलवामात मारल्या गेलेल्या 40 जवानांसाठी, सारा संघ लष्करी टोप्या घालून उतरला, त्याला परिषदेची परवानगी होती. तीन महिन्यांनी विश्वचषकात धोनीच्या हातमोज्यांवर सैन्याचे बलिदानचिन्ह दिसले, ते मात्र काढावयास सांगितले. मार्चात मंजूर, जूनमध्ये नामंजूर! कोणता तरी एक शिरस्ता धरा, म्हणजे माणूस त्याप्रमाणे वागेल.”

येथे भाऊसाहेबांचा रोष नियमापेक्षा अनियमावर अधिक होता, हे मला जाणवले. जन्मभर दप्तर सांभाळलेल्या मनुष्याला पुष्कळदा अन्यायापेक्षा विसंगतीच जास्त बोचते.

परंतु त्यांच्या मनातला हा विषय दुबईपासून सुरू झालेला नव्हता. 1972 च्या त्या भयंकर दुष्काळात, विशीच्या उंबरठ्यावर असताना, ते एका दुष्काळी कामावर मस्टर कारकून होते, आणि दिवसभर खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांची हजेरी मांडून झाल्यावर सायंकाळी गावातील एका दुकानापुढे रेडिओ ऐकावयास जात. म्युनिकच्या बातम्या त्यांनी तेथे ऐकल्या. 5 सप्टेंबरच्या पहाटे ‘काळा सप्टेंबर’ नावाच्या पॅलेस्टिनी टोळीचे आठ इसम ऑलिंपिकच्या क्रीडाग्रामात शिरले. इस्राएलच्या पथकातील दोघांस त्यांनी तेथेच ठार केले, आणि ओलीस धरलेले नऊ जण, जर्मन पोलिसांचा सुटकेचा प्रयत्न फसल्यामुळे, रात्री फर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर मारले गेले. एक जर्मन पोलीसही त्यात मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य क्रीडागारात शोकसभा झाली, ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज यांनी खेळ पुढे चालूच राहतील असे जाहीर केले, आणि ते चालू राहिले.

“खेळ थांबविले नाहीत, याबद्दल माझी फिर्याद नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “आमच्याही कामावर माणूस मेले तर दुसऱ्या दिवशी मस्टर मांडावेच लागे, बाकीच्यांची चूल त्यावर होती. फिर्याद आहे ती पुढच्या वर्षांची. म्युनिकच्या मृतांत आंद्रे स्पिट्झर नावाचा तलवारबाजीचा एक तरुण शिक्षक होता. त्याची बायको, अँकी, दर ऑलिंपिकला मागत राहिली की उद्घाटनाच्या वेळी ह्या लोकांसाठी एक मिनिट द्या. एक मिनिट! 2012 साली लंडनला, चाळीस वर्षे भरली तेव्हा, अध्यक्ष जॅक रोग यांनी सांगितले की अशा दुःखद प्रसंगाची आठवण करण्यास उद्घाटनाचे वातावरण योग्य नाही. शेवटी ते मिनिट मिळाले 2021 साली, टोकियोत, आणि तेही महामारीमुळे प्रेक्षागार रिकामे असताना. घरात माणूस वारला तर त्याची वारसनोंद त्या घराच्याच उताऱ्यावर लागते, सर, शेजाऱ्याच्या उताऱ्यावर नव्हे. ते अकरा जण ऑलिंपिकच्या घरात, ऑलिंपिकचे पाहुणे म्हणून मेले. ही नोंद 49 वर्षे प्रलंबित ठेवणाऱ्या तलाठ्याला मी निलंबित केले असते.”

सर हसले नाहीत. ते ज्या मुलांना पळावयास शिकवितात त्यांतील बहुतेक पोलीस व सैन्यभरतीच्या आशेने पहाटे पाचला मैदानावर येतात, आणि कोणाच्याही परिश्रमाकडे थट्टेने पाहणे त्यांच्या स्वभावातच नाही.

“रोग यांची बाजू मी तुम्हांला सांगतो,” ते म्हणाले. “उद्घाटनाच्या रात्री दहा हजार पोरेपोरी त्या मैदानात येतात. त्यांतल्या बहुतेकांना पदक मिळणार नसते. ती एक रात्र हेच त्यांचे पदक. त्यांनी काय पाप केले, की त्यांच्या आनंदात आपण त्यांच्या जन्माआधीचे मढे आणून ठेवावे? स्मरण करूच नये, असे मी म्हणत नाही. 2016 साली रिओला क्रीडाग्रामातच ऑलिंपियाहून आणलेले दोन पाषाण मांडून एक शोकस्थान केले होते. त्या वर्षी आपल्या भावडबारीपलीकडचा, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओत होता. ज्या गावात पोहण्यापुरते पाणी मुश्किलीने दिसते त्या गावचा पोरगा नौकानयनात जगात तेरावा आला. ज्याला त्या पाषाणापाशी थांबायचे तो थांबेल, ज्याला सरावाला जायचे तो जाईल, अशी ती व्यवस्था होती. मला ती पटते. सक्तीने उभे केलेल्या माणसाच्या मनात त्या मिनिटात काय चाललेले असते, ते मी रोज प्रार्थनेच्या वेळी पाहतो.”

“आणि त्याच लंडनच्या उद्घाटनात काय झाले? 7 जुलै 2005 ला, म्हणजे लंडनला ऑलिंपिक मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिथल्या रेल्वेत आणि बसमध्ये बाँब फुटून 52 माणसे मेली होती. त्यांच्या शोकाचे नृत्य त्या रात्री भर मैदानात सादर झाले, एक स्तोत्रही गायिले गेले. ते योग्यच झाले. पण मग तेव्हा वातावरण बिघडले नाही, आणि अकरा जणांच्या एका मिनिटाने ते बिघडले असते?”

ह्यावर सरांजवळ उत्तर नव्हते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते कोणाजवळच नाही. ज्या संस्थेच्या अंगणात मनुष्य मारला जातो त्या संस्थेला पहिली भीती त्याच्या मृत्यूची नसून त्याच्या नोंदीची वाटते. 2010 च्या जानेवारीत आफ्रिकी चषकासाठी निघालेल्या टोगोच्या फुटबॉल संघाच्या बसवर अंगोलात कबिंडा येथे गोळीबार झाला, संघाबरोबरची माणसे मेली, टोगोच्या सरकारने उरलेल्यांस मायदेशी बोलाविले. तेव्हा आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघाने सरकारी हस्तक्षेपाचे कारण दाखवून त्या संघावरच पुढील दोन स्पर्धांची बंदी घातली. ती पुढे उठविण्यात आली, ही गोष्ट वेगळी. शोक करावयास घरी गेला म्हणून दंड, असा दाखला आमच्या कचेऱ्यांच्या इतिहासातही विरळाच सापडेल.

सरांनी मात्र माघार घेतली ती एका पावलाची, आणि लगेच दुसऱ्या बाजूने आले.

“बरे, ऑलिंपिकमधले मृत ऑलिंपिकच्या दप्तरात; हे मी कबूल केले. पण मग तुमच्याच न्यायाने बोलू. पहलगामची 26 माणसे दुबईच्या मैदानात मेलेली नव्हती. त्या उताऱ्यावर त्यांची नोंद कशी?”

“त्यांतली सहा आपल्या राज्याची होती. डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. घरात सुतक असले तर माणूस कामावरही ते घेऊनच जातो. 2008 ला सचिनने काय केले? 26 नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा इंग्लंडचा संघ कटकला सामना खेळत होता. 166 माणसे गेली. इंग्लंडचे लोक घाबरून मायदेशी गेले, पण दोन आठवड्यांत परत आले. मुंबईची कसोटी मोहालीला हलवावी लागली, आणि चेन्नईला चौथ्या डावात 387 करायचे होते. सेहवागने 68 चेंडूंत 83 मारले, आणि सचिन 103 वर नाबाद राहून सामना जिंकून आला. ते शतक त्याने मुंबईकरांना अर्पण केले. त्या दिवशी तुम्हीच मला म्हणाला होता, की असा दिवस पुन्हा पाहायला मिळणार नाही.”

“म्हणालो होतो. आजही म्हणेन. पण त्याच चेपॉकवर 1999 च्या जानेवारीत, पाकिस्तानविरुद्ध, त्याच सचिनने पाठदुखी सोशीत 136 काढले आणि सामना 12 धावांनी गेला. 2008 लाही तसेच झाले असते तर? मुंबईच्या मृतांना मग काय अर्पण झाले असते? अर्पण जिंकणाऱ्यालाच परवडते, भाऊसाहेब. हरणारा मान खाली घालून आत जातो, आणि त्याच्याबरोबर मेलेलेही आत जातात. विजयाच्या मंचावरून केलेल्या स्मरणात मृतांचा वाटा किती आणि विजयाचा किती, याचे वाटपपत्रक कोण करणार?”

मी मध्ये बोललो नाही, तरी चेन्नई आणि दुबई यांत मला एक अंतर दिसते ते नमूद करतो. चेन्नईला समोर उभे होते ते पाहुणे, भीती असतानाही परतून आलेले, आणि त्यांच्या परतण्यातच शोकातल्या सहभागाचा अर्धा भाग होता; सचिनचे अर्पण ऐकून इंग्लंडच्या कोणा खेळाडूची मान खाली गेली नसेल. दुबईला हस्तांदोलनच झाले नाही. तेथे तो शोक कोणाच्या तरी विरुद्ध उभा होता. तो खरा नव्हता, असे मी म्हणत नाही. खऱ्या शोकालाही प्रतिपक्ष मिळाला की त्याचा आवाज बदलतो, एवढेच माझे निरीक्षण आहे.

“आणखी एक विचारतो,” सर म्हणाले, आणि त्यांचा स्वर खाली आला. “29 सप्टेंबर 2008. मालेगाव, भिक्कू चौक. बाँब फुटून सहा माणसे मेली. मुंबईच्या आधी दोन महिने. त्यापूर्वी 8 सप्टेंबर 2006, शुक्रवार, शब-ए-बरात, बडा कब्रस्तान, तीसहून अधिक. इथून मालेगाव तासाभराच्या वाटेवर आहे. आपला कांदा तिकडे जातो, आपले आजारी तिकडच्या दवाखान्यात जातात. त्या माणसांसाठी कोणत्या संघाने, कोणत्या मैदानावर फीत बांधली? रणजीच्या सामन्यात? आपल्या तालुक्याच्या कबड्डीत? शांततेचे मिनिट मोठे उदात्त दिसते; पण ते कोणासाठी पाळायचे हे आधीच ठरलेले असते, आणि ठरविणाराला त्याबद्दल कोणी जबाब विचारीत नाही. म्हणून मला वाटते, कोणासाठीच नको.”

भाऊसाहेबांनी हातातला कांदा खाली ठेवला. 2006 साली त्यांची नेमणूक मालेगावातच होती, हे मला ठाऊक होते. त्याविषयी ते सहसा बोलत नाहीत.

“मदतीची यादी माझ्या टेबलावर होती,” ते म्हणाले. “शासनाने मृतांच्या वारसांना मदत जाहीर केली की सर्वांना वाटते काम झाले. काम तेथून सुरू होते. रुग्णालयाच्या कागदावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, मतदारयादीत तिसरे. एकात बापाचे नाव पुढे, एकात मागे. एकात नुसते टोपणनाव. तिन्ही एकाच माणसाची, पण धनादेश तीन नावांवर निघत नाही. मग वारसाने यायचे, प्रतिज्ञालेख करायचा, की वर नमूद इसम व मयत इसम एकच. लहान मुलांच्या बाबतीत तर कागदच नसत; शाळेत नाव घातलेले नाही, शिधापत्रिकेवर चढविलेले नाही. मी त्यांच्या बापांना विचारी, मुलाचे नाव कसे लिहू? ते सांगत आणि मी लिहीत असे. काहींचे नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा माझ्या हाताने लिहिले गेले, ते त्या यादीत.”

थोडा वेळ बायांच्या हातांतील कांद्यांचाच आवाज होत राहिला.

“पुढे न्यायालयात काय झाले ते तुम्हांला माहीत आहे. 2006 च्या प्रकरणात धरलेले नऊ जण 2016 साली दोषमुक्त झाले. 2008 च्या प्रकरणातले सातही जण यंदा 31 जुलैला विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. न्यायालयाने पुरावा पाहून निकाल दिला, त्यावर मी बोलणारा कोण? पण कोणी मारले, हा रकाना अजून कोराच आहे. आणि 2008 च्या ह्या स्फोटाचा तपास ज्यांच्याकडे होता ते हेमंत करकरे 26 नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत मारले गेले. म्हणजे मुंबईच्या यादीत ज्यांचे नाव आहे ते मालेगावच्या यादीचे कागद जमवीत होते. ह्या दोन याद्या तुम्ही वेगळ्या कशा करणार, सर? मला तरी जमले नाही. तुम्ही म्हणता तो भेदभाव आहे, शंभर टक्के आहे. पण त्यावर उपाय म्हणून कोणाचीच नोंद नको, हे मला कबूल नाही. एका खातेदाराची नोंद राहून गेली म्हणून आम्ही सारे रजिस्टर जाळीत नाही.”

“पण शांततेत नावे कोठे असतात? फितीवर कोठे असतात?” सरांनी विचारले. “स्टेडियममध्ये चाळीस हजार माणसे उभी राहतात, त्यांतल्या चाळिसांना तरी एक नाव सांगता येते का?”

“तेच मीही म्हणतो आहे. आधी यादी, मग शांतता. यादी नसेल तर शांततेचे मिनिट म्हणजे मस्टर न मांडता वाटलेली मजुरी. कोणाला पोहोचली, कळत नाही.”

हे दोघे येथवर आले तेव्हा मला वाटले की आता विषय संपला, कारण दोघांचे भांडण निराळ्या गोष्टींशी आहे हे स्पष्ट झाले होते: एकाचे विसरण्याशी, दुसऱ्याचे देखाव्याशी. परंतु सरांना एक धावपटू आठवला, आणि धावण्याचा विषय निघाला की त्यांना थांबविणे कठीण.

2013 च्या एप्रिलची 15 तारीख. बोस्टनच्या मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ दोन बाँब फुटले, तिघे प्रेक्षक मेले, आणि संशयितांच्या पाठलागाच्या दिवसांत एक पोलीस मारला गेला. पुढील वर्षी त्याच शर्यतीत मेब केफ्लेझिघी उतरला. जन्म एरिट्रियाचा, लहानपणी निर्वासित होऊन अमेरिकेत आलेला, वय 38. तो जिंकेल असे कोणी धरलेले नव्हते. छातीवर क्रमांकाचा जो कागद असतो त्याच्या चार कोपऱ्यांत त्याने बारीक अक्षरांत चार मृतांची नावे लिहिली होती.

“अक्षर एवढे बारीक की शेजारून पळणाऱ्यालासुद्धा वाचता येऊ नये,” सर म्हणाले. “आणि लिहिली कधी, तर सुटण्यापूर्वी. तो जिंकला, म्हणून आपल्याला ते कळले. पण तो चाळिसावा आला असता, वाटेत पेटके येऊन बसला असता, तरी नावे त्या कागदावर होतीच. कोणाला उभे केले नाही, कोणाच्या विरुद्ध काही नाही, विजयाची अट नाही. असे स्मरण मला चालते. पण ते संघटनेच्या हुकमाने होणार नाही.”

“हुकमाने होणार नाही, पण हुकमाशिवाय टिकणारही नाही,” भाऊसाहेब उत्तरले. “तो धावपटू म्हातारा होईल. नावे संस्थेच्या दप्तरात पाहिजेत.” आणि मग, जणू कचेरीत पुढची फाइल ओढावी तसे, त्यांनी विचारले, “तुमची क्रॉसकंट्री यंदा कोणत्या तारखेला मुक्रर झाली आहे?”

“26 नोव्हेंबरला.”

“पोरांच्या छातीवर क्रमांक असतातच ना?”

सरांना रोख समजला. त्यांनी हरकती घेतल्या, आणि त्या फोल नव्हत्या: मुंबईची नावे लिहिली तर कोणी काही म्हणणार नाही, मालेगावची लिहिली तर शाळेत चार पालक येऊन विचारतील, मुले लहान आहेत, कोणाच्या कागदावर कोणाचे नाव यावरून वर्गात चिडवाचिडवी होईल. भाऊसाहेबांचे म्हणणे असे, की पालक आले तर त्यांना आपल्याकडे पाठवावे, आणि प्रत्येक मुलाला निदान एवढे सांगता आले पाहिजे की त्याच्या कागदावरचा माणूस कोण होता आणि कोठे राहत होता. शांततेचे मिनिट त्यांनी आपणहून सोडून दिले. सरांनी मुलांवर सक्ती करणार नाही, ज्याला कोरा कागद हवा त्याला कोरा मिळेल, ही अट घातली. ती थोड्या घासाघिशीनंतर मंजूर झाली.

“मुख्याध्यापकांकडे अर्ज मी करतो,” भाऊसाहेब म्हणाले. “त्यात ‘भावपूर्ण’ हा शब्द येणार नाही. सोबत यादी जोडीन. तिचा अनुक्रम कसा लावू? तारखेने, गावाने, की आडनावाने?”

“अनुक्रम नकोच,” सर म्हणाले. “क्रमांक मी चिठ्ठ्या टाकून वाटतो. नावेही त्याच डब्यात टाकू.”